पाखरांची मूठ

आमच्या घरात पेरणीची पहिली मूठ जमिनीत जात नसे. ती पाखरांची. बैल जुंपून झाले, पेरायच्या कुरीपुढं नारळ फोडून झाला, की घरातला थोरला माणूस बियाच्या बुट्टीत हात घालायचा, मूठभर बी घ्यायचा आणि पूर्वेच्या बांधावर उधळायचा. दुसरी मूठ मग चाड्यात, म्हणजे कुरीवरच्या त्या लाकडी वाटीत, जिथून बी खाली मातीत उतरतं. पाखरांची मूठ घेतल्यापासून ती बांधावर पडेपर्यंत त्या माणसानं तोंड उघडायचं नाही आणि कुणी त्याला मागून हाक मारायची नाही. हाक मारली तर पाखरं रुसतात आणि पिकावर राग काढतात, असं म्हणत. नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे ऐकून मला हसू आलं होतं. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, गारगोटीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. पाखरं रुसत नाहीत, त्यांना भूक लागते, एवढं मला ठाऊक होतं.

आमचं गाव गारगोटीपासून एसटीनं अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याला. नवरा इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आठवड्याच्या सुट्टीला यायचा. एरवी घरात आम्ही तिघंच, सासरे, सासू आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्ती. घराच्या मागं परडं, परड्यामागं आमचं भुईमुगाचं रान आणि रानाच्या वर माळ. त्या माळावर मोर होते. पहाटे आणि दिवस मावळताना ते असे ओरडायचे की माहेरची पाहुणी मंडळी दचकून उठून बसायची.

मामांना मोरांचं सगळं ठाऊक होतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. एकदा सोप्यात चहा पिताना म्हणाले, "मोर नाचून नाचून रडतोय, आन् त्याचं डोळ्याचं पानी लांडोर टिपती. त्यातनं अंडी हुत्यात."

"मामा, तसं नसतं," मी म्हणाले.

"मग कसं असतंय?"

आता आली का पंचाईत! वर्गात मी फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं असतं, पण सासऱ्यासमोर, डोक्यावर पदर घेऊन, मोर आणि लांडोर काय करतात ते कसं सांगणार? आत्तींना हसण्याचा असा उमाळा आला की चहा नाकात गेला. "सांग की आता! लै शिकलीयास न्हवं?" मी 'पुस्तकात दिलंय सगळं' असं काहीतरी पुटपुटले आणि चुलीवर काही नसताना चूल बघायला आत गेले. ऐनवेळी तोंडातलं तोंडातच ठेवायची सवय मला त्या घरात अशी लागली. दोष घराचा नव्हता. कुणी मला गप्प बस म्हणालं नव्हतं.

जे बोलता यायचं ते मात्र मी भरपूर बोलायची. मोराचा पिसारा म्हणजे त्याची शेपूट नव्हे, शेपूट वेगळी, आखूड आणि मातकट, पिसाऱ्याला मागून टेकू देणारी. पिसारा म्हणजे शेपटीच्या वरची वाढलेली पिसं. दरवर्षी पाऊस ओसरायला लागला की ती गळतात आणि मोर पुढचे काही महिने बोडका फिरतो. आणि त्या पिसात निळा रंग नसतोच. पीस कुटून पूड केली तर तपकिरी होते, निळं दिसतं ते नुसतं उजेडाचं काम. मामांना हे शेवटचं अजिबात पटलं नाही. "न्हाय म्हंजे? मग दिसतंय त्ये काय?" म्हणाले. जगात मोरांच्या तीन जाती आहेत, एक आपली, एक पार ब्रह्मदेशापासून जाव्यापर्यंतची हिरव्या गळ्याची आणि एक आफ्रिकेतल्या जंगलातली, पिसारा नसलेली, हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला. "पिसारा न्हाय तर त्यो मोर कशाचा," म्हणाले आणि आफ्रिकेचा विषय कायमचा संपवला.

लग्नाच्या दुसऱ्या पावसाळ्यात मामा माळावरून आले ते डोक्यावरचा पटका हातात घेऊन. पटक्यात पाच अंडी होती, मळकट पांढरी, कोंबडीच्या अंड्याच्या दुप्पट. घाणेरीच्या जाळीत लांडोर बसली होती आणि कुत्र्यांनी तिला बसल्या जागी फाडली होती. लांडोर जमिनीवरच घालते अंडी, नुसतं पायानं उकरून. मोर घरट्याकडं फिरकतही नाही. सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. मामा म्हणाले, "अजून ऊन हायती बघ," आणि एक अंडं माझ्या तळहातावर ठेवलं. खरोखरच ऊबदार होतं.

आत्तींची एक कोंबडी तेव्हा खुडूक बसली होती. तिच्याखालची अंडी काढून ही पाच ठेवली. आत्तींना धास्ती एकच, कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं आणि लांडोरीचं अठ्ठावीस दिवसांत, मधेच ही उठली तर? पण कोंबडीला गणित येत नाही, हे बरं असतं. ती बसून राहिली. मामा रोज सकाळी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायचे. अठ्ठाविसाव्या रेघेला दोन पिल्लं निघाली, बाकीची तीन अंडी फुकट गेली. दोनातलं एक आठव्या दिवशी मुंगसानं नेलं. एक राहिलं.

ते जगणार नाही असं मलासुद्धा वाटलं होतं. कोंबडी माती उकरून दाणा दाखवायची, कुक्‌ कुक्‌ करायची, आणि पिल्लू दाण्याकडं न बघता तिच्या चोचीकडं बघत उभं राहायचं. मोराची पिल्लं सुरुवातीला आईच्या चोचीतून घेतात, जमिनीवरचं टिपायला उशिरा शिकतात. हे मी वाचलेलं होतं, पण त्याचं काय करायचं ते सुचलं मामांना. त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून चोच केली, त्यात चिमूटभर भिजवलेली डाळ धरली आणि म्हणाले, "ये गं बाय." पिल्लानं मान तिरपी केली आणि घेतलं. त्या दिवसापासून तिची आई दोन ठिकाणी होती, पंखाखाली घेणारी कोंबडी आणि भरवणारा म्हाताऱ्याचा हात.

पंधरा दिवसांत ती कौलावर चढून बसायला लागली. दिवस मावळला की कोंबडी खाली डालग्यापाशी उभी राहून आकांत करायची आणि ही बया वरून शांतपणे बघायची. आत्ती म्हणायच्या, "बघा, सून शिकल्याली मिळाली की आसं हुतंय." आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकवायच्या. ते आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

ती लांडोर निघाली. मोर निघाला असता तर पिसाऱ्यासाठी गाव गोळा झालं असतं, ही करड्या अंगाची, मानेवर तेवढी हिरवी झाक, म्हणून कुणाच्या डोळ्यात आली नाही. वर्ष सरता सरता ती माळावरच्या मोरांत गेली. मामा चार दिवस जेवले नाहीत धड. पाचव्या दिवशी सकाळी परड्यात येऊन उभी. मग तो रिवाजच पडला. मामा सोप्याच्या पायरीवर बसून "ये गं बाय" म्हणायचे आणि ती बांधावरून मान पुढं-मागं करत यायची, त्यांच्या मुठीतले दाणे खायची आणि जायची. आम्ही तिला बांधलं नाही, कोंडलं नाही. राष्ट्रीय पक्षी पाळायचा नसतो, हे मीच तर वर्गात सांगत होते. तिनं आम्हाला पाळलं होतं म्हटलं तर जास्त खरं.

तिसऱ्या वर्षी तिनं तीन पिल्लं आणली. पण ती चिंचेखाली ठेवून एकटी पुढं आली. पिल्लं एक पाऊल पुढं आली की घशातून असा आवाज काढायची की ती जागच्या जागी दबायची. मामा खूश झाले. "शानी हाय. लेकरास्नी मानसाची सवय लावंना झालीया."

"मग स्वतः कशाला येते?" मी विचारलं.

"तिला आता कुटलं सुटतंय," मामा म्हणाले.

त्याच्या पुढच्या वर्षी भुईमूग बसला. म्हणजे उगवून वर आला आणि रोपं माना टाकून मरायला लागली. उपटून बघितलं तर मुळाशी किडे. निम्मं रान मोकळं पडलं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या हॉलमध्ये शेतीचं मार्गदर्शन झालं, बियाला पेरणीआधी औषध चोळायचं ते तिथं दाखवलं, आणि मी गारगोटीच्या बाजारातून ती पुडी घेऊन आले. लाल पूड. पुडीवर कवटी आणि दोन हाडं.

मामा राजी नव्हते. "बियाला कुटं औषध लावत्यात व्हय? बी न्हवं त्ये?" मी दोन दिवस त्यांच्याशी वाद घातला. आकृती काढून किड्याची अळी दाखवली. शेवटी ते म्हणाले, "बरं. तू शिकलीयास, तुला कळतंय." त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर आज मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

पेरणीच्या आदल्या दुपारी मी सोप्यात पोतं अंथरून, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, सगळं बी लाल केलं. दोघांना बजावलं की यातला दाणा तोंडात टाकायचा नाही, हात लावला की साबणानं धुवायचा. आत्तींना कोंबड्या कोंडून ठेवायला सांगितलं आणि त्यांनी खरंच सगळ्या कोंबड्या डालग्याखाली घातल्या. कोंबड्या मला आठवल्या. ती आठवली नाही. पाखरांची मूठ आठवली नाही. मी या घरात पाच पेरण्या बघितल्या होत्या.

एक कारण सांगता येईल, पण कारणानं काही होत नाही. त्या आठवड्यात ती परड्यात आली नव्हती. मामा म्हणाले होते, "बसली आसंल." बरोबर होतं त्यांचं. अंडी उबवणारी लांडोर दिवसभर हलत नाही. एकदाच उठते, घाईघाईनं चार दाणे टिपते, पाणी पिते आणि अंडी गार व्हायच्या आत परत जाऊन बसते. महिनाभर असं चालतं, ती निम्मी होते. हेसुद्धा मला ठाऊक होतं. मला सगळंच ठाऊक होतं.

पेरणीचा दिवस आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचा शाळेचा पहिला दिवस एकच आला. मी नवी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून, बांधावरून एसटीच्या फाट्याकडं निघाले होते. रानात बैल उभे होते, शेजारचे दोघे मदतीला आले होते, नारळ फुटला होता. मामांनी बुट्टीत हात घातला. दरवर्षी ते मूठ पूर्वेच्या कोपऱ्यावर उधळत. त्या दिवशी तिथं न थांबता ते बांधानं पुढं चालत गेले, करवंदीच्या जाळीपर्यंत. ती त्या बाजूला बसली असणार असा त्यांचा अंदाज होता. उपाशी जीव, तिला लांब यायला लागू नये, म्हणून. सवयीच्या त्या मुठीला औषध लागलंय, हे त्यांच्याही ध्यानात आलं नसावं.

मी त्यांच्या मागं वीसेक पावलांवर होते. त्यांची मूठ भरलेली होती आणि बोटांच्या फटीतून लाल दिसत होतं.

हाक माझ्या तोंडात आली होती. 'मामा' एवढा एकच शब्द. पण पहिली मूठ होती. शेजारचे दोघे टोपी काढून उभे होते. सुनेनं मागून हाक मारली, यंदाची पहिली मूठ बाटवली, हे गावभर झालं असतं, आणि पीक बुडालं असतं तर ते कायमचं माझ्या नावावर बसलं असतं. पाखरं रुसतात यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी मी गप्प राहिले. विश्वास असलेल्या बाईनं कदाचित हाक मारली असती, कारण तिला पाखरांची भीती वाटली असती. मला माणसांची वाटली.

मूठ पडली. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी मनाशी म्हणाले, रानात एवढी माणसं आहेत तोवर ती काही येत नाही, मधल्या सुट्टीत कुणाकडून तरी निरोप पाठवू. आणि पळाले. पळतानाही मला साडीचा काठ चिखलात भिजू नये याची काळजी होती. शाळेत नवा वर्ग, नवं हजेरीपत्रक, रडणारी पोरं. खरं सांगायचं तर मधली सुट्टी होऊन गेली तरी मला आठवलं नव्हतं. आठवलं तेव्हा तीन वाजले होते.

मी परतले तेव्हा मामा सोप्याच्या पायरीवर बसले होते, त्यांच्या नेहमीच्या जागी. मांडीवर पटका पसरला होता आणि पटक्यात ती. मान पायरीवरून खाली लोंबत होती. चोचीतून पांढरं येत होतं. आत्तींनी ताक पाजून बघितलं होतं, तूप पाजून बघितलं होतं. ताकाची वाटी तिथंच लवंडलेली होती.

"माज्याच हातानं घातलं," मामा म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. "रोज हाक मारून द्यायचो. आज मुक्यानं दिलं, तरी आली. वळकीचा हात म्हनून आली."

मी बोलायला तोंड उघडलं. आत्तींनी मला हातानं गप्प बसायची खूण केली. त्यांना वाटलं, मी मामांची समजूत घालणार आहे. मी खूण पाळली. मला ते फार सोयीचं होतं.

तिला बांधाच्या कडेला पुरली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मामा करवंदीच्या जाळीत वाकून वाकून शोधत होते. ओरखडलेल्या हातांनी दुपारी परत आले, पटक्यात चार अंडी. या वेळी त्यांनी एकही माझ्या तळहातावर ठेवलं नाही. अंडी गार होती, एक दिवस आणि एक रात्र पावसाच्या वाऱ्यात पडलेली. आत्ती शेजारणीकडून खुडूक कोंबडी मागून घेऊन आल्या. भिंतीवर पुन्हा कोळशाच्या रेघा सुरू झाल्या. जुन्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या, त्यांच्याच खाली.

दहाव्या रेघेला मामांनी मला विचारलं, "तुमच्या विज्ञानात काय बघता येतंय का, आत काय हाय त्ये?"

येत होतं. स्वयंपाकघराचं दार लावून, बॅटरीवर हाताची मूठ धरून, त्या मुठीवर अंडं ठेवायचं. जिवंत असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं, कोळ्याच्या जाळ्याएवढं बारीक. मी चारही अंडी बघितली. जाळं नव्हतं. एकात काळसर कडं होतं, सुरू होऊन थांबलेलं. मामा माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"काय दिसतंय?"

"अजून कळत नाही, मामा," मी म्हणाले.

तर दिसूनही न सांगायची ही दुसरी वेळ. अठ्ठावीस रेघा झाल्या, तीस झाल्या, पस्तीस झाल्या. ती कोंबडी वाळून गेली. मामा कुणाला हात लावू देईनात. चाळिसाव्या दिवशी ते शेजारच्या गावाला गेलेले बघून आत्तींनीच अंडी उचलली आणि बांधावर, तिच्याशेजारी, पुरून आल्या. मामा आले, डालगं उचलून बघितलं, परत ठेवलं. भिंतीवरच्या रेघा त्यांनी ओल्या फडक्यानं स्वतः पुसल्या, दोन्ही वर्षांच्या.

भुईमूग त्या वर्षी चांगला आला. तो काढताना मला दर शेंगेची शरम वाटत होती.

त्यानंतर मामांनी मूठ धरली नाही. पेरणीला नवरा रजा काढून यायला लागला आणि पाखरांची मूठ बंदच झाली. बियाला औषध लावणं मी बंद केलं. कुणी कारण विचारलं नाही. माळावर मोर होतेच, ते काय एका लांडोरीनं संपणार होते? पावसाच्या दिवसांत ते ओरडायला लागले की मामा पायरीवरून उठून आत जाऊन बसायचे. आणि आल्यागेल्याला सांगायचे. भाचा आला, व्याही आले, नृसिंहवाडीहून परतताना वाटेत टेकलेले ओळखीचे लोक आले, चहा व्हायचा आणि मामा म्हणायचे, "आमच्यात एक लांडोर हुती. म्या मारली." आत्ती चिडायच्या. "किती येळा सांगायचं त्येच त्येच! मुद्दाम मारलीया व्हय?" ते म्हणायचे, "मुद्दाम न्हाय. पर हात माजाच हुता न्हवं?" मी चहाचे कप गोळा करायची. दहा वर्षं मी ते कप गोळा केले. एकदाही म्हणाले नाही की मामा, तुमच्या मागं वीस पावलांवर मी होते.

दहा वर्षांत वेळ मिळाली नाही असं नाही. आत्ती गेल्या, तेव्हा तेराव्या दिवशी आम्ही दोघंच सोप्यात बसलो होतो, तेव्हा बोलता आलं असतं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मी आठ दिवस कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी होते, त्यांचे डोळे बांधलेले, तेव्हा तर अगदी सोपं होतं. मी पेपर वाचून दाखवला. राशिभविष्यसुद्धा वाचून दाखवलं, पण हे नाही.

मग ते अंथरुणाला खिळले. त्यांची खाट सोप्यात, दाराशी लावली होती, परडं दिसेल अशी. भाद्रपद होता, मोरांचे पिसारे गळायचे दिवस. बांधावर मला एक पीस सापडलं, अख्खं, डोळ्यासकट. मी ते आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडं फिरवून फिरवून बघितलं.

"निळा रंग न्हाय म्हनत हुतीस यात," म्हणाले. त्यांना आठवत होतं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मामा," मी म्हणाले, "त्या दिवशी मी बांधावर होते. तुमच्या मागंच. तुमच्या मुठीत लाल बी आहे ते मला दिसलं होतं. मूठ पडायच्या आधी दिसलं होतं." आणि मग थांबता येईना म्हणून अंड्यांचंही सांगितलं, की दहाव्याच दिवशी मला कळलं होतं.

ते पीस बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडावं असं मला वाटत होतं. मी माझ्या तयारीनं उभी होते, दहा वर्षांच्या.

"मग हाक मारायची की, पोरी," मामा म्हणाले.

आवाजात राग नव्हता. साधं विचारल्यासारखं म्हणाले, दूध उतू जाताना गॅस बंद करायचा की, तसं.

"पहिली मूठ होती मामा. मागून हाक मारत नाहीत."

"व्हय," ते म्हणाले. "मारत न्हाईत." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तरी मारायची की." आणि पीस माझ्या हातात परत दिलं.

त्यानंतर ते दीड महिना होते. माझ्याशी बोलायचे, पाणी मागायचे, शाळेचं विचारायचे. आल्यागेल्याला लांडोरीची गोष्ट सांगणं मात्र त्यांनी बंद केलं. एकदा नवऱ्याच्या आतेभावानं आपणहून विषय काढला, "मामा, तुमची ती लांडोर," तर म्हणाले, "हुती एक. मेली." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांनी घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

ते गेले त्याच्या पुढच्या पेरणीला नवरा म्हणाला, पाखरांची मूठ पुन्हा सुरू करू. बी आता कोरंच असतं, कसलीही पूड नाही, मी स्वतः निवडते. तरी तो बुट्टीत हात घालतो, मूठ भरतो आणि तोंड मिटून बांधाकडं चालायला लागतो, तेव्हा मी वीस पावलांवर मागं उभी असते आणि मोठ्यानं हाक मारते. शेजारपाजारचे बघत राहतात. पहिल्या वर्षी नवरा भडकला होता. आता थांबतो, वळतो, मूठ उघडून माझ्याकडं धरतो. मी लांबूनच दाणे बघते, पांढरट गुलाबी, नेहमीच्या सालीचे. मग म्हणते, टाका.